कोरड्या पाठीचा दिवस

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे आणि स्वभावाने फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, हा काय, जरा काही झाले की थरथरतो. आत्तासुद्धा मी लखनौच्या एका रेल्वे कचेरीच्या गच्चीवर दोरीला टांगलेला आहे. खाली तीन मजले आहेत, जूनचा तापलेला वारा, ज्याला इकडे लू म्हणतात, वाहतो आहे आणि मला धरून ठेवायला दोनच चिमटे आहेत. त्यातला एक सैल आहे. तो सुटायच्या आत माझी गोष्ट सांगून घेतो.

माझा जन्म सोलापूरचा. यंत्रमागाच्या खडखडाटाने जन्मतःच माझ्या अंगावर काटा आला आणि तो कायमचाच राहिला. लोक त्यालाच टर्किश टॉवेलचा मऊपणा म्हणतात. माझ्याबरोबर त्याच मागावर माझा जुळा भाऊ विणला गेला. दोघेही पांढरेशुभ्र, कडेला निळी बारीक पट्टी. सोलापूर माहेर असलेल्या मंजिरीताईंनी आम्हां दोघांना दुकानातून निवडून घेतले. त्यांचे यजमान यशोधन बोरामणीकर रेल्वेत इंजिनिअर होते आणि बढतीवर लखनौला निघाले होते. “आता तुमच्या खुर्चीला टॉवेल लागेल. तो आपल्या सोलापूरचाच हवा,” असे ताई त्यांना म्हणाल्या. मी पिशवीत ते ऐकले आणि घाबरलो. टॉवेलाचे आणि खुर्चीचे काय नाते, हे मला कळेना.

कचेरीत आल्यावर कळले. इकडे साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल घालण्याची रीत आहे. कारकुनाच्या खुर्चीला तो नसतो. आत येणारा माणूस आधी टॉवेल पाहतो, मग साहेबांना पाहतो, आणि मग आवाज किती खाली आणायचा ते ठरवतो. बाकीचे टॉवेल न्हाणीघरात राबतात, मला मात्र एसीच्या गारव्यात मान मिळाला. भाऊ आणि मी आठवड्याची पाळी करत असू. एक खुर्चीवर, एक धुऊन घडीत.

मान मिळाला, पण सुख लागले नाही, कारण साहेबांना घाम फार येई. माणूस स्वच्छ. रोज आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून येत. पण त्यांचे काम रुळांवरचे. भर उन्हात डोक्यावर शिरस्त्राण घालून ते तीन-चार तास पायी चालत, मग कचेरीत येऊन खुर्चीत बसत, आणि त्यांची ओलीचिंब पाठ मला टेके. दर वेळी मी दचकत असे. मला ती ओल आवडत नसे, हे कबूल करतो. मला वाटे, एक दिवस या घामात मी कुजून जाईन.

आमची देखभाल गीता करी. ती त्या कचेरीत शिपाई होती. तिचा नवरा पूर्वी तिथेच कामाला होता, तो गेल्यावर ती नोकरी तिला मिळाली. तेलीबागेतून ती दोन ई-रिक्षा बदलून येई. सुरुवातीला तिला सकाळी सातला यावे लागे आणि तिच्या लहान मुलीला शाळेत सोडायला घरी कुणी नसे. साहेबांना हे समजले तेव्हा त्यांनी तिची वेळ साडेनऊची करून दिली. त्या दिवसापासून गीता साहेबांना देव मानू लागली. रोज सकाळी मला झटकून, कडा जुळवून बसवताना ती शेजारच्या खोलीतल्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, “पूरे दफ़्तर में सबसे उजला तौलिया हमारे साहब का है।” ते ऐकून माझी भीती घटकाभर कमी होत असे.

मग एका जानेवारीत माझ्या भावाचे वाईट झाले. शिक्क्याच्या शाईची बाटली टेबलावर उपडी झाली आणि गीताने हाताला लागेल ते ओढून शाई टिपली. हाताला लागला तो माझा भाऊ. नंतर तिने त्याला साबणात घातले, लिंबू चोळले, पण डाग हटला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून माझा जुळा भाऊ दाराशी फरशी पुसत होता. रोज सकाळी तो माझ्या समोरून जाई, काळानिळा आणि पिळलेला. मित्रांनो, तुम्हाला रात्री भुताची भीती वाटते ना, मला दिवसाढवळ्या फडक्याची वाटू लागली.

आता मी एकटा उरलो. धुवायला मला नेले की खुर्ची दिवसभर उघडी पडणार होती, आणि त्या कचेरीत उघड्या खुर्चीचा अर्थ एकच होता, साहेब गेले. बदली झालेला साहेब जाताना आपला टॉवेल घेऊन जातो, तशी तिथली पद्धतच आहे. त्यातून गीताच्या मनात एक जुने भय बसलेले होते. बोरामणीकर साहेबांच्या आधीच्या दोन साहेबांचे टॉवेल तिने एकेकदा धुवायला नेले होते, आणि दोन्ही वेळा त्याच आठवड्यात बदलीचा कागद आला होता. योगायोगच, दुसरे काय. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. हे साहेब गेले तर आपली साडेनऊची वेळ जाईल, आणि साहेबही जातील, या धास्तीने तिने मला खुर्चीवरून हलवायचेच नाही असे ठरवले. स्टोअरकडे नवा टॉवेल मागितला, तर सांगण्यात आले, पुढच्या खेपेला. साहेबांना सांगावे तर ताईंचा टॉवेल शाईने नासवल्याची गोष्ट निघणार. म्हणून ती गप्प राहिली. सोमवारी मला उलटा घाली, पुढच्या सोमवारी सुलटा, आणि वर चौकातून आणलेल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, अत्तराचा एक थेंब लावी.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल तापला. माझ्या पोटात घामावर घाम मुरत गेला. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. तोच घाम कापडात शिळा झाला की मग तो घाण मारतो. माझ्या अंगाला आता तसा वास येऊ लागला होता, आणि वर खसाचे अत्तर म्हणजे नासलेल्या भाजीवर कोथिंबीर पेरल्यासारखे. मला स्वतःचीच भीती वाटू लागली. कुणी बोट दाखवून म्हणेल, वास याचा आहे, आणि मग भावाच्या शेजारी बादलीत. मी जीव मुठीत धरून खुर्चीला चिकटून राहिलो.

पण बोट माझ्याकडे कुणी दाखवलेच नाही. खोलीत येणारे लोक दाराशीच श्वास रोखत, काम आटोपते घेत आणि निघून जात. वरिष्ठ अधिकारी मीनाक्षी मॅडम एकदा फाइल घेऊन आल्या आणि बोलता बोलता त्यांनी खिडकी उघडली. खोलीत एसी चालू होता. साहेबांनी त्या उघड्या खिडकीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. मला सगळे समजत होते, पण बोलता येत नव्हते.

त्यानंतर आठवड्याभरात ती घटना घडली. साहेब सकाळी आले, तर टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेले एक पुडके होते. वर नाव नव्हते. त्यांनी हौसेने उघडले, तर आत चंदनाच्या साबणाची वडी आणि अंगाला मारायचा सुगंधी फवारा. चिठ्ठी नव्हती. तिची गरजही नव्हती.

 साहेबांनी दार लावून घेतले, सदऱ्याची कॉलर नाकाशी धरली, बाही धरली. शेवटी ते वाकले आणि त्यांनी माझ्यावर नाक टेकवले. माझी पाचावर धारण बसली. मला वाटले, आता सगळे उघड होणार. साहेब सरळ झाले. त्यांचे डोळे भरलेले होते. अगदी हळू, मराठीत, स्वतःशीच ते म्हणाले, “सगळा माझाच वास.”

मित्रांनो, मी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाची मला आजही लाज वाटते.

साबण आणि फवारा त्यांनी खणात तळाशी ठेवून दिला. त्या दिवसापासून त्या खोलीत मी एकटाच भित्रा राहिलो नाही. साहेब दोन्ही हात अंगाला चिकटवून बसू लागले. बॅगेत जास्तीचा सदरा आणू लागले आणि दुपारी दार लावून बदलू लागले. सगळ्यांबरोबर डबा खाणे त्यांनी सोडले. बैठकांना स्वतः न जाता हाताखालच्या इंजिनिअरला पाठवू लागले. व्हरांड्यात कुणी शिंकले तरी त्यांना वाटे ते आपल्यामुळेच. घरी फोन करून सांगत, “आज वेदिकाला क्लासला तूच सोड, मला उशीर आहे.” उशीर काही नसे. लेकीबरोबर बंद गाडीत बसायची त्यांना भीती वाटत असे.

आणि मग त्यांनी पाणी सोडले. पोटात पाणीच गेले नाही तर घाम येईल कुठून, असा त्यांचा हिशेब. गीता दर दोन तासांनी काचेचा पेला भरून, वर झाकणी ठेवून जाई. साहेब ती बाहेर गेली की पेला उचलून खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत ओतत. दिवसाला चार पेले. गीता रिकामे पेले पाहून खूश होई, आणि मनीप्लांट तर असा फोफावला की कचेरीतले लोक त्याचे कटिंग मागू लागले. “हमारे साहब के हाथ में बरकत है,” असे ती सगळ्यांना सांगे. मी खुर्चीच्या पाठीवरून त्या हिरव्यागार पानांकडे पाही. एकेक पान म्हणजे साहेबांच्या ओठांतून काढलेले पाणी होते. त्यांचे ओठ आता फुटले होते. चालताना ते टेबलाला धरत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मीनाक्षी मॅडमचा निरोप आला. चिनहटच्या पुढे एका छोट्या पुलाचे काम चालले होते, त्यावर बैठक होती, आणि या वेळी बोरामणीकरांनी स्वतः यायचे होते. बंद खोली, बारा माणसे, दीड तास. साहेबांनी तो कागद तीन वेळा वाचला. आदल्या दिवसापासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. बैठकीच्या दिवशी सकाळी ते पुलावर पाहणीला गेले आणि दुपारी दोन वाजता परत आले. नेहमीप्रमाणे मी अंग आवळून ओल्या पाठीची वाट पाहत होतो.

पाठ मला टेकली, आणि ती कोरडी होती.

कोरडी आणि तापलेली, नुकत्याच फिरवलेल्या इस्त्रीसारखी. चार तासांच्या उन्हातून आलेल्या माणसाच्या पाठीवर घामाचा टिपूस नव्हता. इतके दिवस ज्या ओलीला मी भीत आलो ती नाही म्हटल्यावर माझी भीतीने गाळण उडाली. मी आयुष्यभर लहानसहान गोष्टींना भ्यालो होतो. खरी भीती काय असते ते मला त्या क्षणी समजले. साहेब, पाणी प्या, असे मी ओरडत होतो, पण टॉवेलाचे ओरडणे कुणाला ऐकू जाते.

गीता पेला घेऊन आत आली. साहेबांनी तिच्याकडे पाहिले, पण ते भलतेच कुणाला तरी पाहत होते. ते मराठीत म्हणाले, “मंजिरी, बैठकीला मी येत नाही. माझा वास येतो गं.” गीताला मराठी कळत नव्हते. पण साहेबांचे डोळे वर गेलेले तिला दिसले, आणि ते खुर्चीतून एका बाजूला घसरू लागले तेही दिसले. तिने कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

मग त्या बाईने जे केले ते मी विसरणार नाही. तिने दाराकडे तोंड करून मीनाक्षी मॅडमना हाक मारली आणि दोन्ही हातांनी मला खुर्चीवरून ओढले. पाच महिने जी खुर्ची तिने उघडी पडू दिली नव्हती ती उघडी पडली. तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. व्हरांड्यातल्या थंड पाण्याच्या टाकीच्या नळाखाली तिने मला निथळेपर्यंत भिजवले आणि साहेबांच्या डोक्याला, मानेला, छातीला गुंडाळले. पुन्हा नेले, पुन्हा भिजवले, पुन्हा गुंडाळले. त्या पाण्याबरोबर माझ्या पोटातला सगळा शिळा वास उसळून बाहेर आला. तिसऱ्या खेपेला गीताचा हात थांबला. तिने मला नाकाजवळ नेले. खोलीतला वास कुणाचा होता ते तिला समजले. पण रडायला वेळ नव्हता, म्हणून ती रडत रडतच धावत राहिली.

मीनाक्षी मॅडमच्या गाडीतून साहेबांना दवाखान्यात नेले. मी त्यांच्या मानेभोवतीच होतो. तिथल्या डॉक्टरांनी सलाइन लावले, बर्फ लावला, आणि आणणाऱ्यांना सांगितले की हा उष्माघात आहे, अंग वेळेवर गार करत आणले म्हणून बरे. मला कुणीतरी खाटेच्या दांडीवर टाकले. त्या पांढऱ्या खोलीत सगळेच टॉवेल माझ्यापेक्षा स्वच्छ होते. मी तिथे लटकून साहेबांचा श्वास मोजत राहिलो.

संध्याकाळी साहेबांनी डोळे उघडले तेव्हा मंजिरीताई शेजारी बसल्या होत्या. वेदिका बापाचा हात धरून उभी होती. ती अकरावीतली मुलगी, मराठी सगळे समजते, पण बोलते हिंदीत. ती म्हणाली, “पापा, आपने मुझे क्लास छोड़ना क्यों बंद कर दिया? मुझे लगा आप मुझसे नाराज़ हैं।” साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवले. मग तुटक तुटक शब्दांत त्यांनी मंजिरीताईंना सगळे सांगितले. पुडके, खिडकी, पाणी, कुंडी. शेवटी म्हणाले, “तूही जरा लांब बस.”

ताई लांब बसल्या नाहीत. त्या आणखी पुढे सरकल्या. “अहो, मला तरी विचारायचं होतंत,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं तुमच्या शेजारी झोपते मी. मला नाक नाही का?”

गीता दुपारपासून दारातच उभी होती. वेदिकाने तिला हिंदीत सगळे सांगितले तशी ती आत आली, तिने माझ्याकडे बोट केले आणि हात जोडले. “भाभीजी, साहब में कोई बू नहीं थी। बू इस तौलिये में थी। पाँच महीने से हमने धोया ही नहीं, डर के मारे।” आणि तिने उघड्या खुर्चीची, बदलीच्या कागदांची आणि शाईची हकीकत पहिल्यापासून सांगितली.

इतके दिवस ज्या बोटाला मी भीत होतो ते अखेर माझ्याकडे वळले होते. ताईंनी मला दांडीवरून उचलले. निळी पट्टी पाहून ओळखले, नाकाला लावले आणि नाक मुरडले. आता फडके, मी मनाशी म्हटले. पण ताई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. साहेबांनी आधी माझ्याकडे, मग गीताकडे पाहिले. ते म्हणाले, “गीता, तुम भी डरी हुई थी?” तिने मान हलवली. मग त्यांनी पाणी मागितले.

मित्रांनो, एका खोलीत आम्ही तिघे जण होतो. तिघेही भ्यालेले. तिघांनीही आपापली भीती दुसऱ्यापासून लपवली, आणि त्यात एकाचा जीव जाता जाता वाचला.

पंधरा दिवसांनी साहेब कामावर आले. बैठक मीनाक्षी मॅडमनी त्यांच्यासाठी पुढे ढकलली होती. त्यांनी साहेबांना भेटून सांगितले, “त्या दिवशी मी खिडकी उघडली, त्याऐवजी तोंड उघडायला हवं होतं.” ते पुडके कुणी ठेवले ते कधीच कळले नाही आणि साहेबांनी शोधलेही नाही. त्यांनी खणातून ती साबणाची वडी काढली आणि गीताच्या हातात दिली. म्हणाले, या टॉवेलासाठीच आली होती, पत्ता तेवढा चुकला होता.

तेव्हापासून दर शुक्रवारी मला त्याच साबणाने धुतात. पहिल्या शुक्रवारी खुर्ची उघडी राहिली तेव्हा गीता संध्याकाळी पाचपर्यंत टपालाकडे डोळे लावून बसली होती. बदलीचा कागद आला नाही. त्याला आता एक वर्ष होत आले. कधीतरी तो येईलच, रेल्वेतल्या माणसाला तो चुकत नाही. पण तो माझ्या धुण्याने येणार नाही, एवढे आता तिलाही पटले आहे. मनीप्लांट मात्र जरा वाळला आहे, आणि त्याचे कुणालाच वाईट वाटत नाही. आता गीता पेला ठेवून बाहेर जात नाही. तो रिकामा होईपर्यंत दारात उभी राहते.

मुलांनो, माझे म्हणणे एवढेच आहे. जे कापड तुमचा घाम टिपते त्याला वेळच्या वेळी धुवा आणि उन्हात वाळवा. घाम आला तर लाजू नका, पाणी प्या. आणि एखाद्याच्या जवळ वास आला तर कागदात साबण गुंडाळून ठेवून पळू नका. जवळ जाऊन, दार लावून, मायेने सांगा. कोण जाणे, वास त्याचा नसेलही.

तो पाहा, गीताच्या चपलांचा आवाज जिन्यात येतो आहे. सैल चिमटा टिकला म्हणायचा. आता ती मला खाली नेईल आणि खुर्चीवर घालेल. साहेब पुलावरून येतील, बसतील, आणि त्यांची पाठ मला टेकेल. तेवढ्या क्षणापुरती मला अजूनही धडकी भरते. मग ती पाठ ओली लागते, आणि माझा जीव भांड्यात पडतो.